उजनीवर मार्चअखेरची पक्षीगणना: दोन दिवस, दोन चमू आणि भरपूर गाळ

पाणपक्ष्यांची मोजदाद म्हटली की जानेवारी आठवतो. १९८७ पासून चालत आलेली आशियाई पाणपक्षी गणना त्याच महिन्यात होते, कारण तेव्हा पाहुणे येऊन स्थिरावलेले असतात आणि आज दिसलेला थवा उद्याही साधारण तिथेच सापडतो. फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटचे चार दिवस असतात, भारतात ती २०१३ पासून होते. मग मे महिन्यात ग्लोबल बिग डे, जगभर एकाच दिवशी होणारी पक्षीनोंद. युरोप-अमेरिकेत तो ऐन स्थलांतराचा दिवस असतो. आपल्याकडे मात्र तोवर थंडीतले बहुतेक पाहुणे निघून गेलेले असतात आणि माळावर दहा वाजता उभं राहवत नाही. थोडक्यात, महाराष्ट्रातून होणारा परतीचा प्रवास या तारखांच्या मधल्या फटीत उरकतो. साधारण मार्चचा दुसरा पंधरवडा आणि एप्रिलचा पहिला आठवडा, एवढाच काळ हाताशी असतो. त्यातला एक शनिवार-रविवार उजनी जलाशयाच्या काठच्या भिगवण-इंदापूर पट्ट्यात कसा लावावा, त्याचं हे टिपण.

परतीच्या गणनेत प्रजातींच्या आकड्यापेक्षा कोण अजून आहे आणि कोण गेलं, याला जास्त मोल आहे. पट्टकादंब (बार-हेडेड गूज) दिसले नाहीत, ही नोंदसुद्धा कामाची. पण ती कामाची कधी ठरते? जिथे ते जानेवारीत होते त्याच जागी, तेवढाच वेळ उभं राहून पाहिलं असेल तेव्हा. प्रजातींची शंभरी गाठायची चढाओढ गटाला पहाटे चारला उठवायला उपयोगी पडते, म्हणून ती असू द्यावी; आखणी मात्र तिच्यासाठी करू नये.

आखणीत अजून एक चूक नेहमी दिसते. सप्टेंबर-ऑक्टोबरची यादी समोर ठेवून मार्चची उद्दिष्टं ठरवली जातात. युरोपियन रोलर, स्पॉटेड फ्लायकॅचर, लाल पाठीचा खाटीक हे पश्चिम भारतातून पावसाळ्यानंतर जातात, येताना मात्र ही वाट धरत नाहीत. त्यांच्यासाठी मार्चमध्ये बाभळी धुंडाळणं म्हणजे वेळ घालवणं. मार्चची खरी दौलत चिखलात आणि माळावर असते: रंग बदलणारे तुतवार, टिलवे, चिखले हे चिखलात चरणारे छोटे पक्षी, पिवळे धोबी, डोकी काळी झालेले कुरव (गल), निघण्याच्या तयारीतल्या भोरड्या (गुलाबी मैना) आणि उशिरापर्यंत रेंगाळणारे भोवत्ये (हॅरियर).

आधी पाणी बघा, मग तारीख

भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, आणि त्यातला जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा. हे प्रमाण लक्षात ठेवलं नाही तर बातम्या वाचून घोटाळा होतो. ‘उजनी शून्य टक्क्यांवर’ म्हणजे धरण कोरडं नव्हे. उपयुक्त साठा संपला, एवढाच त्याचा अर्थ. पाणथळ पसारा तेव्हाही अफाट असतो, फक्त काठ आत सरकलेला असतो.

आपल्याला काठाशीच कर्तव्य आहे. मार्चअखेर पाणी निम्म्याच्या वर असेल तर चिखलाचा पट्टा अरुंद राहतो, तुतवार-टिलवे लांबच लांब काठावर विखुरतात आणि एका जागी उभं राहून फार काही हाती लागत नाही. अशा वर्षी ठिकाणं वाढवावीत, प्रत्येकाला वेळ कमी द्यावा. पाणी दहा-वीस टक्क्यांवर आलं असेल तर उलट होतं. चिखल प्रचंड उघडा पडतो, पक्षी एकवटतात, पण काठापासून तीन-चारशे मीटर आत. तेव्हा दोनच ठिकाणं पुरतात, पण टेलिस्कोपशिवाय काम होत नाही. पळसदेवचं बुडालेलं मंदिर वर आलं की समजावं, गेल्या वर्षी जपून ठेवलेले मोबाइलमधले बिंदू आता निरुपयोगी आहेत. त्या जागी कदाचित मका उभा असेल.

म्हणून आठवडाभर आधी दोघांनी जाऊन पाहणी करून येणं टाळू नये. पाहायचं काय? गाडी कुठवर जाते, गाळ कुठे वाळलेला आहे, सकाळचा उजेड कुठून येतो आणि गाळपेर कुठवर पोचलीय. पाणी मागे हटतं तसे शेतकरी पेरणी घेऊन पुढे सरकतात आणि त्यांच्या मोटारी, पाइप, वायरीही पुढे जातात. पाण्याच्या कडेला जमिनीवर पडलेली केबल ओलांडू नये, तिच्याजवळ ट्रायपॉड टेकवू नये. गटातल्या नवख्यांना हे निघण्याआधी मोठ्याने सांगावं. गाळाचंही तसंच: वरून भेगाळलेला, पांढुरका दिसतो आणि खाली गुडघाभर लोणी. भेगांच्या कडा वर वळलेल्या असतील तर बहुधा पाय टिकतो. पृष्ठभाग चकचकीत असेल, किंवा पक्ष्यांच्या पावलांचे ठसे खोल उमटलेले असतील, तर तिथे माणसाने जाऊ नये.

माणसं आणि सामान

आठ ते दहा जण पुरे. त्यांचे दोन चमू करावेत. एकाच घोळक्याने फिरण्यात सगळ्यांना तेच पक्षी दिसतात आणि मागच्या माणसाला फक्त पुढच्याची पाठ. प्रत्येक चमूत टिलवे-तुतवार नीट ओळखणारा एक, लहान झुडपी पक्ष्यांचे आवाज ओळखणारा एक, नोंदी घेणारा एक, आणि चौथ्याचं काम आकाशाकडे बघायचं. हे शेवटचं काम लोकांना दुय्यम वाटतं. पण सगळे चिखलात डोळे घालून बसलेले असताना ऑस्प्रे डोक्यावरून जातो, उन्हाच्या झोतावर कांड्या करकोचे चढतात, आणि ते कुणालाच दिसत नाहीत. दर अर्ध्या तासाने माणूस बदलावा, नाहीतर मान अवघडते.

नोंद घेणाऱ्याने त्या तासाला दुर्बीण गळ्यात ठेवूच नये, असा आमचा आग्रह असतो. दोन्ही कामं करणारा माणूस पक्षी बघतो आणि आकडे नंतर आठवून लिहितो.

दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२. टेलिस्कोप चमूमागे एक, ६० ते ८० मिलिमीटर भिंगाचा, २०–६० झूमचा. साठपट वाढवायचा मोह होतो, पण मार्चमध्ये साडेनऊनंतर चिखलावरची हवा थरथरायला लागली की साठपट म्हणजे साठपट थरथर. २५–३० वर ठेवला तर पक्षी लहान दिसतो, पण दिसतो. ट्रायपॉड हलका नको. दुपारनंतर पाण्यावरून वारा सुटतो, तेव्हा मधली दांडी खालीच ठेवून पिशवी लटकवावी. सोबत हाताने दाबून मोजायचं छोटं काउंटर, वही, पेन्सिल. शाईचं पेन घाम आणि चिखल दोन्हींत हरतं. पाणी माणशी किमान चार लिटर, गाडीत वेगळा कॅन. कपडे मातकट, टोपी काठाची.

दुपारच्या जेवणाबद्दल एक सूचना. भिगवणला येऊन चिलापीचं ताट न खाणं बरोबर नाही, पण ते शनिवारी रात्री खावं. दुपारी खाल्लं तर चारच्या फेरीला निम्मा गट डुलक्या घेत असतो.

शनिवार: चिखल

पुण्याहून भिगवण साधारण शंभर किलोमीटर. शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला पोचावं. पहाटे अंधारात सोलापूर रस्त्यावरून यायचं तर ऊसवाहतुकीच्या जोडट्रॉल्या दिवे-रिफ्लेक्टर नसताना समोर उभ्या ठाकतात. गळीत हंगाम सरत आला तरी मार्चमध्ये त्या पुरत्या थांबलेल्या नसतात. कुंभारगाव, डिकसळ भागात राहायची-जेवायची सोय गावातल्याच मंडळींकडे होते. होड्याही तिथल्या मच्छीमारांच्याच. दोन दिवस आधी ठरवून ठेवावं, कारण शनिवार-रविवारी अग्निपंख (फ्लेमिंगो) बघायला गर्दी असते.

सूर्योदय साडेसहाच्या सुमारास होतो. पावणेसहाला काठावर उभं असावं. या पहिल्या पाऊण तासात मोजायचं काय, तर निवाऱ्यातून बाहेर पडणारे पक्षी. धोबी रात्री उसात किंवा पाणकणसात शेकड्यांनी बसतात आणि फटफटताना पाचपाच-दहादहाच्या तुकड्यांनी निघतात. भोरड्यांचे थवे त्यांच्या मागोमाग. उजाडल्यावर हेच पक्षी विखुरतात आणि मोजता येत नाहीत.

इंदापूर तालुक्याचा काठ पाण्याच्या दक्षिणेला येतो, म्हणजे आपण बघतो उत्तरेकडे. हा मोठा फायदा. सूर्य सकाळी उजव्या खांद्यावर, दुपारी पाठीशी. समोरच्या पक्ष्यावर उजेड पडलेला. फक्त सातच्या आसपास पूर्वेकडे वळलेल्या खाडीसारख्या फाट्यांत जाऊ नये, तिथे सगळं काळं दिसतं. ती जागा संध्याकाळसाठी ठेवावी.

साडेसहा ते साडेनऊ हे तीन तास चिखलाचे. इथे फिरायचं नसतं, उभं राहायचं असतं. एका जागी पंचेचाळीस मिनिटं, मग पुढची जागा. घाईचा गट पंधरा मिनिटांत ‘झालं’ म्हणतो आणि हलतो; पण टिलवे-चिखले चिखलाच्या खाचेत बसलेले असतात, घार फिरली की अचानक दोनशे उठतात आणि मग कळतं तिथे होते. दोन घारी येईपर्यंत थांबावं, हा बरा हिशेब.

होडीचं काय? होडी एकच, एकच फेरी, आणि ती सकाळी नको. सकाळ म्हणजे पक्ष्यांच्या खाण्याची वेळ. परतीच्या आधी हे पक्षी अंगावर चरबी साठवत असतात, आणि तीच पुढच्या उड्डाणाचं इंधन. एकेक वेळ उठवलं की खाणं तुटतं आणि साठवलेलं जळतं, दोन्हीकडून तोटा. होडीवाल्याला आधीच सांगावं: थव्याच्या दिशेने सरळ जायचं नाही, तिरकं जायचं, इंजिन लांबच बंद करायचं, आणि अग्निपंख मान वर करून चालायला लागले की तिथेच थांबायचं. उडवून फोटो काढायची हौस कुणाला असेल तर त्याला काठावर ठेवावं. होडीतून फायदा होतो तो बुडालेल्या झाडांवरच्या पाणकावळ्यांचा, सुरयांचा आणि बेटांवर बसलेल्या कुरवांचा. चित्रबलाकांची वसाहत भादलवाडीच्या तलावावर आहे. तिथे रस्त्यावरूनच मोजावं, झाडांखाली जाऊ नये.

मोजायचं कसं

वीस-पंचवीसपर्यंत एकेक मोजा. त्यापुढे दहाचा गठ्ठा डोळ्यांत बसवायचा आणि तो थव्यावर ठेवत जायचा. पाचशेच्या पुढे पन्नासचा. अनुभव असा की दाट थव्याचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो. म्हणून दोघांनी एकमेकांना न सांगता मोजून मग आकडे पडताळावेत. तफावत पाचवा हिस्सा असेल तर सरासरी चालेल, दुप्पट असेल तर पुन्हा मोजावं.

मिश्र थवा असेल तर दोन पायऱ्या. आधी सगळे मिळून किती ते गठ्ठ्यांनी काढावं, समजा चाळीस गठ्ठे दहाचे, म्हणजे चारशे. मग टेलिस्कोप थव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे सावकाश फिरवत शंभर पक्षी ओळखावेत. त्यात ७० लिटल स्टिंट, १८ केंटिश प्लोव्हर आणि १२ कंठेरी चिखले निघाले तर नोंद २८०, ७२ आणि ४८. शंभर पक्षी एकाच कोपऱ्यातून घेतले तर हा हिशेब फसतो. केंटिश कोरड्या बाजूला पसरतात, स्टिंट पाण्याच्या रेषेवर धावतात, त्यामुळे ज्या कोपऱ्यातून मोजलं तिथलंच प्रमाण सगळ्या थव्याला चिकटतं.

संध्याकाळी निवाऱ्याला परतणाऱ्या भोरड्यांसाठी पद्धत वेगळी. एक खांब किंवा झाड ठरवायचं, ते ओलांडणारे पक्षी एक मिनिट मोजायचे, चार मिनिटं थांबायचं, पुन्हा एक मिनिट. मिनिटाची सरासरी एकूण मिनिटांनी गुणली की अंदाज येतो. काउंटर इथेच लागतं. या भोरड्या एप्रिलच्या मध्यापर्यंत मध्य आशियाच्या वाटेला लागतात, त्यामुळे मार्चअखेर थवा कधी अचानक फुगतो, कधी दोन दिवसांत नाहीसा होतो. शनिवारी दोन हजार आणि रविवारी शंभर आल्यास मोजणी चुकली असं धरून आकडे ‘दुरुस्त’ करू नयेत.

ओळखताना कुठे घसरतं

मार्चमध्ये अडचण ही की निम्मे पक्षी हिवाळी पिसांत, निम्मे अर्धवट बदललेले. हिवाळी चित्रं पाठ असलेला माणूस जास्त गोंधळतो.

स्टिंटचे पाय बघा. काळे म्हणजे लिटल, पिवळट-हिरवट म्हणजे टेमिंक्स. पण उजनीच्या काळ्या गाळात सगळ्यांचेच पाय काळे होतात. तेव्हा वागणं बघावं: टेमिंक्स एकटादुकटा, गवताळ कडेला, दबकत चालतो, पाठ सपाट करडी. लिटल थव्यात, उघड्यावर, शिवणयंत्राच्या सुईसारखा टोचत पळतो आणि मार्चअखेर अंगावर तांबूस झाक चढू लागलेली असते.

वूड आणि ग्रीन सँडपायपरसाठी उडायची वाट पाहावी. पंखाखालचा भाग फिका तर वूड, काळपट तर ग्रीन. बसलेला असताना वूडची भुवई लांब, डोळ्यामागे जाणारी. कॉमन सँडपायपरच्या खांद्यापुढे पांढरी पाचर वर शिरलेली दिसते, ती दिसली की बाकी काही बघायला नको. रफची मादी अनेक याद्यांमध्ये रेडशँक म्हणून शिरते, कारण रफचे पायही केशरी असू शकतात. उडताना रेडशँकच्या पंखाच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा असतो, रफला नसतो.

पिवळे धोबी मार्चमध्ये सुंदर दिसतात आणि वादही तेच घडवून आणतात. काळं डोकं फेल्डेग, गडद करडं थुनबर्गी, फिकट करडं आणि ठळक पांढरी भुवई बीमा, पिवळं डोकं ल्युटिया. उपप्रजाती जरूर नोंदवावी. प्रजातींच्या आकड्यात मात्र चौघे मिळून एकच. सिट्रीन वेगळा. त्याच्या मादीच्या आणि पिल्लाच्या गालाभोवती फिकी कड पूर्ण वळसा घालते, हीच खूण धरावी.

कुरवांनी डोकी काळी-तपकिरी केली की ओळख सोपी वाटते, पण उन्हात काळं तपकिरी दिसतं आणि तपकिरी काळं. पंखांच्या टोकाकडे बघा. ब्राऊन-हेडेडच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतात आणि डोळा फिका.

भोवत्यांमध्ये माद्या आणि तरुण पक्षी हा सर्वांचा घसरायचा रस्ता. पॅलिड आणि माँटेग्यूज दोन्ही मार्चअखेर असू शकतात. मानेभोवती फिकी पट्टी, तिच्यामागे गडद कड, हे नीट दिसलं तर पॅलिड. नाहीतर ‘पॅलिड/माँटेग्यूज’ असंच लिहावं. अशी जोडनावाची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करता येते आणि ती प्रामाणिक असते. आकडा एकाने कमी होतो, बस.

आवाज ओळखणारं मर्लिनसारखं ॲप सुचवण्यापुरतं वापरावं. आपल्याकडे कोतवाल इतरांच्या नकला करतो, आणि पाणकणसातला रीड वॉर्बलर व बाभळीतला ब्लिथ्स रीड वॉर्बलर यांत ॲपची गल्लत झालेली दिसते. ॲपने नाव दाखवलं, कुणी पाहिला-ऐकला नाही, तर तो यादीत नाही.

रविवार: माळ

रविवारची सकाळ एका चमूने कडबनवाडीच्या माळाला द्यावी, दुसऱ्याने शनिवारच्याच चिखलाच्या जागा त्याच वेळी पुन्हा कराव्यात. दोघांनाही माळच हवा असतो, हे गृहीत धरून चिठ्ठ्या टाकाव्यात. तीच जागा दुसऱ्या दिवशी पाहिल्याशिवाय काय हललं ते कळत नाही.

माळावर जायच्या आधी वनखात्याचे चालू नियम आणि परवानगी बघून घ्यावी. गाडी ठरलेल्या वाटेवरच, पायी गवतात उतरणं नाही. धाविक, चंडोल जमिनीवर घरटी करतात आणि टायरखाली अंडी गेली तरी कळत नाही. चिंकारा दिसला की गाड्या थांबतात आणि वीस मिनिटं जातात. ती आधीच हिशेबात धरावीत.

पहिल्या तासात चंडोल, तिरचिमण्या आणि भारीट. भारीटांचे नर मार्चअखेर ऐन रंगात: काळ्या डोक्याचा आणि लाल डोक्याचा यांत आता शंका राहत नाही. माद्या मात्र जवळजवळ सारख्या, तिथे जोडनावच लिहावं. साडेसात ते नऊ पाणवठ्याजवळ गाडीत बसून राहावं, तेव्हा पखुर्ड्या (सँडग्राउज) पाणी प्यायला येतात. रंगीत पखुर्डी मात्र सूर्य बुडाल्यावर येते, म्हणून ती सकाळच्या यादीत शोधू नये. भोवत्ये मोजायचे तर शनिवारी संध्याकाळीच एका गाडीने माळाकडे यावं, कारण ते दिवस मावळताना गवतात बसायला उतरतात आणि तेव्हाच एकत्र दिसतात. बसायच्या जागेपासून लांब राहावं, दिवे बंद.

घुबडांबद्दल एकच सूचना: ओढ्यांच्या घळींत शृंगी घुबडाचं घरटं दिसलं तर प्रजाती नोंदवावी, जागा सर्वांसमोर टाकू नये, फोटोतून पाठीमागची घळ ओळखू येणार नाही हेही बघावं.

नोंदी

ई-बर्डवर याद्या छोट्या ठेवाव्यात. दिवसभराची एकच यादी केली तर चिखल, ऊस, गाव, माळ सगळं एका बिंदूवर जमा होतं आणि कोणता पक्षी कुठे होता ते पुढे कुणालाच कळत नाही. जागा बदलली की नवी यादी. उभं राहून पाहिलं तर स्थिर, चाललात तर अंतरासह, आणि त्याच वाटेने परतलात तर अंतर एकदाच धरायचं. यादी पूर्ण असेल, म्हणजे ओळखलेला प्रत्येक पक्षी लिहिला असेल, तरच ‘पूर्ण’ हे उत्तर द्यावं. कावळा, साळुंकी, होला गाळणारी यादी पूर्ण नसते. आणि कोण गेलं हे दाखवायला याच पूर्ण याद्या लागतात. फक्त ‘भारी’ पक्षी लिहिलेल्या यादीत पट्टकादंब नाही याचा अर्थ काहीच निघत नाही.

संख्येच्या जागी एक्स (म्हणजे दिसला, पण मोजला नाही) टाकू नये. अंदाज लिहा, तोही चालतो. एका चमूत एकानेच यादी चालवावी आणि बाकीच्यांना वाटावी. चौघांनी चार स्वतंत्र याद्या भरल्या तर तोच अग्निपंखांचा थवा चारदा जमा होतो. चमू अर्धा तास जरी वेगळा झाला तरी तिथून याद्या वेगळ्या.

शनिवारी रात्री जेवणानंतर यादीवाचन. एकाने नावं वाचायची, दोन्ही चमूंनी हो-नाही म्हणायचं. एकट्यानेच पाहिलेला पक्षी बाद होत नाही, पण त्याने काय पाहिलं ते दोन वाक्यांत सांगावं: आकार, पाय, चोच, आवाज, किती वेळ. ‘तोच होता’ हे वर्णन नव्हे. दोन्ही चमूंच्या प्रजाती एकत्र करून गटाचा आकडा निघतो. संख्या मात्र एकत्र करू नयेत, कारण सकाळी कुंभारगावला मोजलेले अग्निपंख दुपारी डिकसळला असू शकतात. दोन दिवसांत चिखल, पाणी, ऊस, बाभूळबन आणि माळ एवढं सगळं झालं तर शंभरी ओलांडणं अवघड नसतं. शंभरीला दोन कमी असताना रात्री अकराला पिंगळ्याच्या शोधात गावातून गाड्या फिरवू नयेत, कुत्री भुंकतात आणि गाव उठतं.

मार्चअखेरच्या याद्यांना ई-बर्डवरून शंकेचे निरोप जास्त येतात, कारण तिथल्या चाळण्या महिन्यानुसार ठरलेल्या असतात आणि उशिरा राहिलेला पक्षी त्यांत अडकतो. त्यात रागवायचं काही नाही. तारखेबद्दल शंका असेल तर फोटो, नाहीतर वर्णन जोडावं. ‘नेहमी दिसतो’ एवढं लिहून भागत नाही. सोमवारी ऑफिस गाठल्यावर या गोष्टी राहून जातात, म्हणून निघण्याआधी रविवारी दुपारी सावलीत बसून अडकलेल्या सगळ्या नोंदींची वर्णनं पुरी करावीत. आणि त्याच बैठकीत एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच जागांवर पुन्हा यायला कोण तयार आहे, त्याची नावं लिहून घ्यावीत. चौघं मिळाले तरी काम होतं.